पोरगं रोलर कोस्टरला तयार आहे काय? टेप, घाट आणि रांग

"अण्णा, पोरगं सहाचं हाय. रोलर कोस्टरला चालतंय काय?"

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत हा फोन ठरलेला. मी अनगोळला राहतो, टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कुटुंबं घेऊन एकतर खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जातो, नाहीतर बेंगळूरच्या पुढे बिडदीला वंडरला या तसल्याच पार्कला. लोक गाडीचं भाडं विचारतात आणि त्याच दमात पोराचंही विचारतात. नुसत्या वयावरून मला काही सांगता येत नाही. म्हणून मी उलटं विचारतो: उंची किती? चोर्ला घाटात ओकतो काय? आणि गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नको म्हटलं तर ऐकतो काय? तिसऱ्या प्रश्नाला सगळे "ऐकतो की" म्हणतात. ते मग मी गाडीत बसल्यावर बघतो.

उंचीपासून सुरुवात करू, कारण तिथं वाद घालायला जागा नाही. घरीच मोजा. बूट काढायचे, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवायची, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीनं खूण करायची. शिंप्याचा टेप दीडशे सेंटीमीटरचा असतो, तो पुरतो. फुटात विचार करायची सवय असेल तर चार फूट म्हणजे १२२ सेंटीमीटर आणि चार फूट सात इंच म्हणजे जवळपास १४०. उलटंपालटं करणाऱ्या मोठ्या कोस्टरची अट साधारण १२० ते १४० सेंटीमीटरच्या दरम्यान असते. लहान मुलांच्या कोस्टरची ९० ते १०५ च्या आसपास, तीही सोबत मोठं माणूस असेल तर. प्रत्येक राईडचा आकडा वेगळा असतो आणि बदलतोही, म्हणून निघायच्या आधी त्या पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलाची मधली उंची सहाव्या वर्षी ११६, आठव्या वर्षी १२७ आणि दहाव्या वर्षी १३८ सेंटीमीटर आहे. म्हणजे जिथं पट्टी १४० वर आहे तिथं चौथीतलं पोरगंसुद्धा बहुतेक खालीच राहणार. साडेतीनशे-चारशे किलोमीटर गाडी हाणून तिथं पोहोचल्यावर हे कळलं तर मग रडारड. आणि ती परतीच्या वाटेवर निपाणी येईपर्यंत चालते.

एक गंमत सांगतो. या पार्कांत लहान मुलांचं तिकीट उंची बघून ठरतं. तिकीट खिडकीवर बाप पोराला हळूच म्हणतो, "गुडघे वाकव." तोच बाप दोन तासांनी राईडच्या दारात त्याच पोराला म्हणतो, "टाचा उचल." पहिल्यात फार तर पैसे वाचतात. दुसऱ्यात काय होतं ते नीट समजून घ्या.

उंचीची अट पोराच्या धीटपणासाठी नसते. त्याला धरून ठेवणाऱ्या लॉकसाठी असते. डब्यात बसल्यावर मांड्यांवर आडवा दांडा येतो, किंवा खांद्यांवरून जाड कवच खाली येऊन छातीशी अडकतं. गाडी चढावरून माथ्यावर येऊन खाली झेपावते तेव्हा अंग सीटवरून सुटून वर उचललं जातं. त्या घडीला माणूस नुसत्या दांड्यावर किंवा कवचावर अडलेला असतो. दांडा मांड्यांवर नीट बसायला कंबर आणि मांड्या तेवढ्या भरलेल्या लागतात, खांद्याचं कवच नीट बसायला धड तेवढं लांब लागतं. पोर लहान असलं तर कवच खांद्यावर न बसता कानाशी येतं आणि डोकं त्यावर आपटतं, नाहीतर पोर खालून सरकतं. इमॅजिकातल्या नायट्रोला तर पायाखाली फरशीच नाही, पाय लोंबकळत राहतात, गाडी पाच वेळा उलटी होते आणि वेग ताशी शंभरच्या वर जातो. तिथं राईडच्या दारात उभ्या असलेल्या पार्कच्या माणसानं "नाही" म्हटलं की हुज्जत घालू नका. तो तुमच्या पोरावर उपकारच करतोय.

जत्रेतली ड्रॅगन ट्रेन

पार्कात निदान पट्टी असते. आपल्याकडच्या जत्रेत आणि प्रदर्शनात ती बहुतेक वेळा नसते, तिथं पट्टी तुम्हीच. वडगावच्या मंगाईच्या यात्रेत नाहीतर मैदानावरच्या प्रदर्शनात ड्रॅगन ट्रेन लागते बघा, हिरव्या तोंडाची, दोनतीन वळणं आणि एक छोटा उतार. लोकांना वाटतं ही बारकी, हिला काय भ्यायचं. त्या गाडीत दोघांत मिळून एकच दांडा असतो. बाप आणि चार वर्षांची पोरगी शेजारी बसतात. दांडा खाली येतो आणि बापाच्या मांडीवर टेकून थांबतो. आता पोरीकडे बघा. तिच्या मांडीत आणि दांड्यात वीतभर जागा राहिलेली असते. दांडा बापाला घट्ट आणि पोरीला नुसता दिसायला. वळणावर ती ढिल्या झाकणाच्या डब्यातल्या शेंगदाण्यासारखी हलते. बापानं हात आडवा धरला तरी तो हात लॉकचं काम करत नाही.

म्हणून दांडा खाली आल्यावर आपला हात पोराच्या मांडीवर ठेवून बघा. चार बोटं सहज आत जात असतील आणि वेगळा पट्टा नसेल तर उतरा. वीसतीस रुपये गेले तर गेले. चालवणारा माणूस प्रत्येक डब्यापाशी येऊन दांडा हलवून बघतो की लांबूनच शिट्टी मारतो, तेही बघा. मंगाईची यात्रा आषाढात येते, बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चिखलात लाकडाच्या ठोकळ्यांवर उभं केलेलं लोखंड, ओल्या पायऱ्या आणि बाजूला जनरेटरची वायर. अशा दिवशी पोरांना भजी खायला न्या, पाळण्यात बसवू नका. मुलींच्या वेण्या वर बांधा, ओढणी काढून पिशवीत टाका.

हे सगळं ठीक असेल तर मात्र जत्रेचा फार उपयोग होतो. पोराला कशाची भीती वाटते ते इथं स्वस्तात कळतं. भीती सगळ्यांची एकच नसते. कुणाला उंची नको असते, कुणाला वेग, कुणाला अंधार, कुणाला नुसता आवाज. काहींना बाकी सगळं चालतं, पण दांड्यानं अडकवून ठेवलेलं सोसत नाही. आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, तोच गोळा कोस्टरवर दहापट येतो. तेव्हा पाळण्याच्या उतरत्या बाजूला पोराच्या तोंडाकडे बघत राहा. टोराटोरात गरगरणं कळतं, कोलंबसच्या होडीत मागेपुढे झोका आणि उंची दोन्ही कळतात. होडीत पहिल्यांदा मध्ये बसा, टोकाला नको, टोकाची सीट सगळ्यात वर जाते.

काय बघायचं? ओरडणारं पोर बघून आई घाबरते. ओरडू दे की! ओरडतं, डोळे मिटतं, पुन्हा उघडतं, हसतं, ते पोर ठीक आहे. गप्प झालेल्याकडे लक्ष द्या. माझी भाची आठ वर्षांची, उंचीला ताडमाड, बोलायला तोफ. प्रदर्शनातल्या कोलंबसमध्ये ती एक शब्द बोलली नाही. खाली उतरल्यावर ताई म्हणाली, "बघ, अजिबात भ्याली नाही." मी तिची मूठ उघडून बघितली तर तळव्यावर चार नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या. "परत बसायचं काय?" विचारलं तर म्हणाली, "आईला बसायचं असेल तर बसते." हे उत्तर म्हणजे नाही. पोर आपल्यासाठी हो म्हणतंय, स्वतःसाठी नाही. टेपच्या हिशेबानं तिचं सगळं बसत होतं, तरी त्या खेपेला तिला मोठ्या कोस्टरला न्यायचं नाही असं आम्ही ठरवलं आणि तिलाही तसं सांगून टाकलं. तिचा चेहरा मोकळा झाला.

खिडकीबाहेरचा हात

आता माझ्या धंद्यातली परीक्षा. पोरं खुशीत आली की हात खिडकीबाहेर जातात. मी आरशातून बघून एकदा सांगतो, "हात आत." काही पोरं लगेच आत घेतात आणि पुन्हा काढत नाहीत. काही आत घेतात आणि पुढच्या वळणावर पुन्हा बाहेर. काहींना ऐकूच येत नाही, एवढी ती रंगलेली असतात. यात वाईट कोणी नाही. पण कोस्टरवर पाठ सीटला, डोकं मागे टेकलेलं, हात दांड्यावर आणि गाडी थांबून दांडा उघडेपर्यंत उठायचं नाही, एवढं ऐकावंच लागतं, तेही अंगात वारं शिरलेलं असताना. गाडी शेवटी ब्रेकवर एकदम थांबते तेव्हा "संपलं" म्हणून उठायला बघणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यामुळे उंची पुरत असली आणि पोर शेर असलं, तरी जे रंगात आल्यावर ऐकत नाही त्याला मी तयार म्हणत नाही.

घरी याचा सराव होतो. जेवायच्या खुर्चीत बसवा, पाठ आणि डोकं मागे, हात आडव्या लाटण्यावर. तुम्ही मागून खुर्ची थोडी डावी-उजवी हलवायची, मोठ्यांदा ओरडायचं, हसवायचं, आणि दोन मिनिटं त्यानं डोकं पुढे आणायचं नाही. पोरांना हा खेळ आवडतो. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान नाजूक असते, म्हणून डोकं टेकवून ठेवायची सवय मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त हवी. खाली वाकून बाजूला बघायचं नाही, गाडी जाते तिकडे समोर बघायचं, हेही सांगून ठेवा.

तब्येतीचं थोडक्यात. हृदयाचं काही असेल, फिट्स येत असतील, नुकतं ऑपरेशन झालं असेल, हात प्लॅस्टरमध्ये असेल, मानेचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ताप उतरून दोनच दिवस झालेत किंवा कान दुखतोय तर त्या दिवशी नाही. चष्म्याला मागून दोरी लावा, नाहीतर काढून ठेवा.

रात्रभराचा प्रवास

आपल्याकडच्या मुलांचा खरा घोळ इथं होतो, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना तो कळत नाही. ती माणसं सकाळी उठून दीड-दोन तासांत खोपोलीला पोहोचतात. आपण रात्री जेवून निघतो. निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, खंबाटकी घाट, पुणे करत सकाळी पार्कच्या दारात. बेंगळूरकडे तर हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, रात्रभर जवळपास पाचशे किलोमीटर. पोर सीटवर वाकडंतिकडं झोपलेलं असतं, पोट बिघडलेलं असतं, आणि सकाळी बिडदीची तट्टे इडली लोण्यासकट पोटात जाते. घरी जे पोर तयार होतं ते सकाळी दहाला तयार असेलच असं नाही.

म्हणून मुलं दहाच्या आतली असतील तर शक्य झाल्यास आदल्या दिवशी पोहोचून झोप घ्या. जमत नसेल तर पहिले दोन तास पाण्याच्या खेळांत आणि लहान राईडवर घालवा, कोस्टर नंतर. उपाशी पोटी नको आणि गच्च पोटीही नको. इडली, केळं, पोळीचा तुकडा चालतो. कोल्हापुरात थांबून मिसळ खाल्ली असेल तर मग माझी गाडी धुवायची तयारी ठेवा.

घाटात ओकणाऱ्या मुलाबद्दल लोक नेहमी विचारतात. जांबोटी, कणकुंबी सोडून चोर्ल्याची वळणं सुरू झाली की माझ्या गाडीत दोन पिशव्या तरी भरतातच. दोन वर्षांच्या पुढची आणि बारापर्यंतची मुलं यात जास्त सापडतात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे मोबाइलवर असतात ते म्हणतात आपण थांबलोय, आणि पोट मध्ये भरडलं जातं. अशा मुलाला कोस्टर बंदच असं नाही. एका फेरीला दोनतीन मिनिटं लागतात, घाटाला तास लागतो. पण गरगर फिरवणाऱ्या राईड त्याला नकोत, आणि लागोपाठ दोन फेऱ्याही नकोत. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून द्या आणि आधी एखाद्या साध्या प्रवासात देऊन बघा, कारण बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. पेंगणारं, मान टाकणारं पोर कोस्टरवर बसवू नये. आल्याची वडी चघळल्यानं काहींना बरं वाटतं, तिनं झोपही येत नाही.

रांगेत

समजा सगळं जुळलं. कोणत्या कोस्टरपासून सुरू करायचं? सगळ्यात मोठ्यापासून नाही. इमॅजिकात गोल्ड रश एक्स्प्रेस ही खाणीतल्या गाडीसारखी, घरातल्या सगळ्यांनी बसायची कोस्टर आहे, आधी ती. डीप स्पेस अंधारात धावते, अंधाराला भिणाऱ्या मुलाला ती नायट्रोइतकीच जड जाते. वंडरलातली रिकॉइल पुढे जाते आणि त्याच रुळावरून पाठमोरी परत येते. पाठमोरं जाणं पोरांना आधी सांगितलेलं बरं, नाहीतर अर्ध्यात त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं.

बसायच्या आधी कठड्याशी उभं राहून दोन फेऱ्या पूर्ण बघा. घड्याळ लावा, सुटल्यापासून थांबेपर्यंत किती वेळ लागला ते पोरालाच मोजू द्या. उतरणाऱ्या माणसांची तोंडं बघू द्या. साखळीवर चढताना येणारा टकटक आवाज कसला ते सांगा: गाडी मागे घसरू नये म्हणून खाली अडसर असतो, तो दात्यांवरून पुढे सरकताना वाजतो. म्हणजे आवाज येतोय तोवर गाडी मागे येत नाही. मी हे सांगितल्यावर एका पोरानं चढभर टकटक मोजली आणि भ्यायचं विसरला.

रांग अर्धा-पाऊण तास चालते आणि पोराचं खरं मन तिथं कळतं. जे पोर दर पाच मिनिटांनी "अजून किती?" विचारतं ते उतावीळ आहे, ते बरं. जे दोनदा शू म्हणतं, पोट दुखतंय म्हणतं, माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणतं, ते नाही म्हणतंय, फक्त तोंडानं नाही. खाली बसून, डोळ्याला डोळा देऊन एकदाच विचारा: "बसायचं की बाहेर जायचं? दोन्ही चालतंय." आणि बाहेर म्हणालं तर बाहेर. अगदी गाडीपाशी पोहोचल्यावरही चालवणाऱ्याला सांगितलं तर तो बाजूनं बाहेर काढतो. दांडा लागल्यावरसुद्धा गाडी सुटायच्या आधी हात वर करून सांगता येतं. हे पोराला आधीच सांगून ठेवा. बाहेर पडायची वाट आहे हे ज्याला माहीत असतं ते बऱ्याच वेळा आपणहून आत राहतं.

या सगळ्याची माती करणारा एक माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. बहुतेक काका, कधी मामा. "वाघासारखा वाघ आणि भितो? भागूबाई!" चुलत भाऊ हसतात, पोराचा चेहरा उतरतो आणि ते बसतं. मग पुढची चार वर्षं ते आकाशपाळण्याजवळसुद्धा जात नाही. अशा काकाला आधीच वेगळं काम द्या. पिशव्या, मोबाइल, चपला सांभाळत बाकड्यावर बसवा, आणि व्हिडिओ काढायचं काम तर त्याच्याकडे अजिबात देऊ नका. "एवढं तिकीट काढलंय, वसूल नको काय करायला?" असं म्हणणाऱ्यालाही तिथंच बसवा.

पहिल्या फेरीला मधल्या डब्यात बसा. पुढच्या डब्यातून खालचं सगळं दिसतं आणि शेवटचा डबा माथ्यावरून खाली जोरात ओढला जातो. पोर आतल्या बाजूला, तुम्ही शेजारी. उतरल्यावर "कसं वाटलं?" लगेच विचारू नका. पाणी द्या, सावलीत बसवा. "परत!" म्हणालं तरी अर्धा तास जाऊ द्या, गरगरणं साचत जातं आणि दुसऱ्या फेरीत बाहेर येतं. "पुरे" म्हणालं तर पुरे, बाकीचा दिवस लाटांच्या तलावात काढा. परतीला ओकणाऱ्यांना माझ्या शेजारच्या सीटमागे बसवा, पिशव्या सीटच्या खिशात असतात.